टीएमटी नॉर्मल होती, मग दादा गेला कसा?

प्रश्न : मी ४३ वर्षांचा, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. माझा थोरला भाऊ, वय ५१, दोन महिन्यांपूर्वी हार्ट अटॅकने गेला. त्याआधी अकरा दिवस कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये त्याची टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून ईसीजी काढायची चाचणी, झाली होती आणि ती नॉर्मल होती. आम्ही घरात पेढे आणले होते. गेला त्या रात्री छातीत जळजळ होतेय म्हणाला, तेव्हा मीच त्याला पित्ताची गोळी दिली. 'टीएमटी चांगली आलीय, हृदयाचं काही नसणार,' असंही म्हणालो. आता घरचे मागे लागलेत की मी सीटी अँजिओग्राफी करून घ्यावी. एका ठिकाणी निम्म्या दरात पॅकेज आहे. ब्लॉक निघालाच तर आधीच स्टेंट टाकून मोकळं व्हावं, असं मेव्हण्यांचं म्हणणं. वहिनींना वाटतं, हे सगळं लसीमुळे झालं. पुतण्या १९ वर्षांचा आहे, तो तर काही बोलतच नाही. माझी उंची १७२ सेंमी, वजन ६८, कंबर ९४ सेंमी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३८, तीन महिन्यांची साखर ६.१, बीपी १३८/८८. डॉक्टर म्हणाले, बॉर्डरलाइन आहे. मला काही त्रास होत नाही. व्यसन नाही, जेवणानंतर चिमूटभर तंबाखू सोडली तर. काय करू?

उत्तर : आधी त्या पित्ताच्या गोळीबद्दल बोलू. पत्र कितीही लांब असलं तरी तुम्ही ते त्या एका वाक्यासाठी लिहिलंय.

अन्ननलिकेतली जळजळ आणि हृदयाचं दुखणं, दोन्हींच्या संवेदना मेंदूकडे जवळजवळ एकाच वाटेने जातात. त्यामुळे रात्री छातीमागे आग होत असेल तर ती संध्याकाळच्या मिसळीची की हृदयाची, हे ज्याचं त्यालाही सांगता येत नाही. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मलाही नुसतं ऐकून कितीदा कळलेलं नाही. ईसीजी काढल्यावर कळलंय, कधी अर्ध्या तासाने दुसरा काढल्यावर. तुमच्या हातात तर सही-शिक्क्याचा नॉर्मल रिपोर्ट होता. मी डॉक्टर नसतो, नुसता शेजारी असतो, तर मीही हेच केलं असतं. गोळीऐवजी दवाखाना गाठला असता तर दादा वाचले असते का, हे आता कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. तुम्हीही रोज रात्री तो हिशेब मांडत बसू नका.

एवढं मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा : कालचा रिपोर्ट आजच्या दुखण्याला जामीन राहत नाही. छातीत दडपण किंवा जळजळ, सोबत घाम, जबडा नाहीतर हात भरून येणं, जीव घाबरा होणं, आणि दहा-पंधरा मिनिटांत ते ओसरलं नाही, तर १०८ ला फोन करायचा आणि जिथे लगेच ईसीजी निघेल तिथे जायचं. स्कूटरवर मागे बसून नाही. आणि 'सकाळी बघू' तर नाहीच.

आता टीएमटी. त्या खोलीत काय होतं ते दादांनी सांगितलं असेल. छातीवरचे केस चार-सहा ठिकाणी काढतात, चिकटपट्ट्या लावतात, वायरींचा गुंता कमरेच्या पट्ट्यात खोचतात आणि पायाखालचा पट्टा सुरू होतो. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. टेक्निशियन मधूनमधून 'दुखतंय का?' म्हणून विचारतो, पण नजर पडद्यावरच असते. दादांच्या वयाला नाडीचे ठोके १४४ च्या आसपास न्यायचे असतात (२२० मधून वय वजा करून त्याचे ८५ टक्के). तेवढ्या ठोक्यांना ईसीजीची रेघ खाली बसली नाही की लिहायचं 'निगेटिव्ह'. म्हणजे ही चाचणी एवढंच विचारते की जोराचं काम करताना हृदयाच्या स्नायूला रक्त पुरतंय का. वाहिनी सत्तरेक टक्के अरुंद होईपर्यंत ते बहुधा पुरतं. अडथळा त्याहून मोठा असला तरी दर तीन रुग्णांतला जवळपास एक या चाचणीतून निसटतो.

आणि अटॅक पुष्कळदा त्या मोठ्या अडथळ्याच्या जागी येतच नाही. १९८८ साली अमेरिकेतल्या दोन गटांनी एक साधी गोष्ट केली. ज्यांना अटॅक आला होता आणि त्याच्या आधी कधीतरी अँजिओग्राफी झाली होती, अशा रुग्णांच्या जुन्या फिल्म काढून पुन्हा पाहिल्या. नंतर जिथे वाहिनी बंद पडली, त्या जागी आधीच्या फिल्ममध्ये बऱ्याच जणांत निम्म्याहून कमी अडथळा होता. ज्या जागेकडे कोणी बोटही दाखवलं नसतं, ती जागा.

हे कसं होतं ते समजायला नळात साचलेल्या गाळाचं चित्र डोक्यातून काढून टाका. ऑइलपेंट दिलेली भिंत डोळ्यांसमोर आणा. आत ओल मुरत असते, वरून रंग तुकतुकीत. हात लावला तर जरा फुगल्यासारखी लागते, एवढंच. मग एखाद्या दिवशी पोपडा निघतो. चरबीचा थर वाहिनीच्या पोकळीत नव्हे, तिच्या भिंतीच्या आत साठतो. बराच काळ भिंत बाहेरच्या बाजूला फुगते, आतली वाट तेवढीच राहते, रक्त वाहत राहतं, टीएमटी नॉर्मल येत राहते. वरचा पातळ पापुद्रा फाटला की आतला ऐवज रक्ताला लागतो, तिथे गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद. दादांच्या आत नेमकं काय घडलं ते शवविच्छेदनाशिवाय सांगता येणार नाही. पण नॉर्मल टीएमटी आणि अकरा दिवसांनी अटॅक यात वैद्यकीयदृष्ट्या चमत्कार काही नाही.

वहिनींच्या शंकेबद्दल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशभरातल्या ४७ रुग्णालयांमधून १८ ते ४५ वयातल्या, वरकरणी निरोगी माणसांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीमुळे असा मृत्यू वाढल्याचं त्यात आढळलं नाही. धोका वाढलेला दिसला तो कोविडमुळे पूर्वी रुग्णालयात राहावं लागलेल्यांत, घराण्यात आधी कोणाचा अचानक मृत्यू झाला होता अशांत, मृत्यूआधीच्या ४८ तासांत बेसुमार दारू घेतलेल्यांत किंवा जोराचे शारीरिक श्रम केलेल्यांत. दादा ५१ चे, म्हणजे त्या वयोगटाबाहेरचे, हे मान्य. पण पन्नाशीच्या आसपासचा अटॅक आपल्याकडे लसीच्या कितीतरी आधीपासून आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचं मधलं वय ५३ निघालं, बाकीच्या देशांत जवळपास ५९. भारतातल्या एकूण मृत्यूंत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा वाटा १९९० मध्ये १५.२ टक्के होता, तो २०१६ मध्ये २८.१ टक्के झाला. वहिनींना हे आकडे आत्ता वाचून दाखवू नका. त्यांना कारण हवंय आणि आकड्यांनी ते मिळत नाही. थोडे दिवस जाऊ द्या.

तुम्ही उंची-वजन दिलंत ते बरं केलंत. तुमचा बीएमआय २३ भरतो, म्हणजे कोणीही म्हणेल 'सडपातळ आहेस की!' पण कंबर ९४ आहे, आणि आपल्या पुरुषांसाठी मर्यादा ९० ची आहे. यावरून पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा तो फोटो आठवला. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय नेमका एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. हातपाय काटकुळे आणि पोटात साठा, हा आपला घरगुती साचा आहे. वजनकाटा तो सांगत नाही. शिंप्याची टेप सांगते.

आता पॅकेजकडे येऊ. हृदयाच्या सीटीचे दोन प्रकार आहेत आणि जाहिरातीत ते सर्रास एकमेकांत मिसळतात. पहिला कॅल्शियम स्कोअर. ही पद्धत १९९० मध्ये आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. इंजेक्शन नाही, रंगद्रव्य नाही. छातीला ईसीजीच्या तारा लावून पालथं नव्हे, उताणं झोपायचं, मशीन म्हणतं 'श्वास घ्या, धरा', आणि दहाएक सेकंदांत काम झालं. करड्या हृदयावर चुन्याचे पांढरे ठिपके दिसतात. त्यांचं क्षेत्रफळ आणि दाटपणा मिळून एक आकडा निघतो. शून्य म्हणजे चुना नाही, शंभराच्या वर म्हणजे औषधाबद्दल फार वाद घालू नका, चारशेच्या वर म्हणजे साठा बराच आहे. दुसरा प्रकार सीटी अँजिओग्राफी. त्यात हाताला सुई, आयोडीनचं रंगद्रव्य, आधी किडनीसाठी क्रिएटिनिन तपासणं, ठोके साठच्या आसपास आणायला गोळी, जिभेखाली वाहिनी रुंदावणारं औषध, रंगद्रव्य जाताना अंगभर गरम लाट. यात चुन्याबरोबर मऊ चरबीचे थरही दिसतात. किरणोत्सर्ग पहिल्या प्रकारापेक्षा काही पट जास्त.

दुसऱ्या प्रकाराबद्दलचं सगळ्यात भक्कम संशोधन स्कॉटलंडचं. 'स्कॉट-हार्ट' नावाच्या चाचणीत ४,१४६ माणसं घेतली. निम्म्यांना नेहमीची तपासणी, निम्म्यांना त्याखेरीज सीटी अँजिओग्राफी. दहा वर्षांचे निकाल २०२५ मध्ये आले : हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅक, हे सीटीवाल्यांत ६.६ टक्के आणि इतरांत ८.२ टक्के. फरक पडला तो स्टेंट जास्त बसवले म्हणून नव्हे. पाच वर्षांच्या निकालातच दिसलं होतं की स्टेंट-बायपासचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं. सीटीत थर दिसले म्हणून जास्त लोकांना प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या आणि त्या चालू राहिल्या. चित्राने गोळी घ्यायला लावली आणि काम गोळीने केलं.

पण त्या चाचणीतल्या माणसांना छातीत दुखत होतं. तुम्हाला काहीही त्रास नाही. त्रास नसलेल्यांना बोलावून बिनरंगद्रव्याची सीटी आणि इतर काही तपासण्या केल्याने जीव वाचतात का, हे डेन्मार्कमध्ये पाहिलं गेलं. ६५ ते ७४ वयाचे ४६,६११ पुरुष. बोलावलेल्यांत पाचएक वर्षांनी मृत्यू १२.६ टक्के, न बोलावलेल्यांत १३.१. फरक इतका बारीक की तो निव्वळ योगायोग नाही असं छातीठोकपणे म्हणता आलं नाही. तेव्हा फक्त निम्म्या दरासाठी सीटी अँजिओग्राफी करू नका. चालताना, जिना चढताना दडपण येऊ लागलं, थांबल्यावर गेलं, तर मात्र तीच पहिल्या प्रतीची तपासणी आहे, आणि तेव्हा दर बघत बसू नका.

कॅल्शियम स्कोअरचं काय? माझं मत असं की तुमच्या वयाला तो आकडा एकाच बाजूने उपयोगी आहे. ४३ व्या वर्षी शून्याच्या वर काहीही आलं तर ती मोठी बातमी. शून्य आलं तर फारसं काही कळलं नाही, कारण या वयात बहुतेकांचा शून्यच येतो आणि मऊ थरात चुना नसतोच. मला भीती आहे ती शून्याची. शून्य आलं की तुम्ही पुन्हा पेढे आणाल आणि तंबाखूची डबी खिशात ठेवाल. आपले फिजिशियन 'गोळी सुरू करू की नको' अशा दुविधेत असतील आणि आकडा पाहून काहीतरी वेगळं करणार असतील, तर जरूर करा. ऑस्ट्रेलियात घरात कमी वयात हृदयविकार झालेल्या, पण स्वतःला त्रास नसलेल्या माणसांवर असा प्रयोग झाला, निकाल २०२५ मध्ये आले. ज्यांच्या स्कोअरमध्ये चुना दिसला त्यांतल्या निम्म्यांना चित्र दाखवून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, दिलं, बाकीच्यांची नेहमीची काळजी. तीन वर्षांत पहिल्या गटातले थर कमी वाढले. इथेही चित्रामागे गोळी आहेच.

मेव्हण्यांना सांगा, स्टेंट म्हणजे गाडीचा विमा नव्हे. अटॅक सुरू असताना वाहिनी उघडून स्टेंट बसवणं जीव वाचवतं, यात काडीचीही शंका नाही. पण शांत असलेल्या ब्लॉकला आगाऊ स्टेंट घालणं वेगळं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्किमिया' चाचणीत ५,१७९ स्थिर रुग्ण होते, आणि तेही टीएमटीसारख्या चाचण्यांत बऱ्यापैकी दोष आढळलेले. निम्म्यांना औषधांबरोबर अँजिओग्राफी आणि जमेल तिथे स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त औषधं. तीनेक वर्षांनी मृत्यू आणि अटॅक यांत ठरवून सांगावा असा फरक पडला नाही. छातीत दुखणाऱ्यांचं दुखणं मात्र स्टेंटने कमी झालं. तुम्हाला दुखतच नाही. शिवाय ओल सगळ्या भिंतीत असताना एका जागी पत्रा ठोकून काय होणार?

मग करायचं काय? 'व्यसन नाही, चिमूटभर तंबाखू सोडली तर' हे वाक्य मला दर आठवड्याला कोणी ना कोणी ऐकवतं. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही अटॅकचा धोका दुपटीहून जास्त निघाला. धूर नाही म्हणून हृदयाला कळत नाही असं नाही. तुमच्या यादीतली ही एकच गोष्ट आज दुपारच्या जेवणानंतर बंद करता येते, एक पैसा खर्च न करता. पहिले दोन आठवडे हात खिशाकडे जाईल. बडीशेप ठेवा. सुपारी नको. जमलं नाही तर निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगम मिळतात. लाजू नका, डॉक्टरांना विचारा.

बीपी 'बॉर्डरलाइन' हा शब्द मला आवडत नाही. सीमेवर उभा असलेला माणूस दोन्हीकडे जाऊ शकतो. घरी दंडाला बांधायचं मशीन आणा. सकाळी लघवीला जाऊन या, चहाच्या आधी, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, रात्री पुन्हा दोनदा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. १३५/८५ किंवा त्याहून वर आली तर बॉर्डर ओलांडलेली आहे. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, सगळं आलं. खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून एवढ्यावरच थांबतो.

साखर ६.१ म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठा आहे. कंबर ९० च्या आत आली तर ती बहुधा मागे फिरेल. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं.

एलडीएल १३८ ला लॅबच्या कागदावर ठळक खूण नसेल कदाचित. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी लिपिडची, म्हणजे रक्तातल्या चरबीची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात सर्वसामान्य माणसालाही १०० च्या खाली सांगितलंय, जास्त धोक्याच्या माणसाला ७० च्या खाली. सख्खा भाऊ ५५ च्या आत जाणं ही धोका वाढवणारी मोठी खूण धरतात. त्यात तंबाखू, बीपी, साखर यांची भर. फिजिशियन स्टॅटिन सुरू करा म्हणाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. अंग दुखतं म्हणून भीती वाटत असेल तर लंडनमधला एक छोटा प्रयोग सांगतो. स्टॅटिनने त्रास होतो म्हणून ती सोडलेल्या साठ जणांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या. चार महिने स्टॅटिन, चार महिने खोटी गोळी, चार महिने रिकामी बाटली, क्रम उलटसुलट. रोज त्रासाला गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीला सरासरी ८, खोट्या गोळीला १५.४, स्टॅटिनला १६.३. त्रास खरा होता, पण तो बहुतेक गोळी घेण्याचाच होता. खरंच स्नायू दुखले तर डोस बदलता येतो, औषध बदलता येतं. परस्पर बंद मात्र करू नका.

एक तपासणी तुम्ही केलेली नाही आणि तिचा पॅकेजमध्ये उल्लेखही नसेल : लायपोप्रोटीन-ए, रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण. आयुष्यात एकदाच करायची. हा आकडा आईवडिलांकडून येतो, पथ्याने हलत नाही, आणि जगात दर पाचांतल्या एकाला तो वाढलेला असतो. ५० मिलिग्रॅमच्या वर आला तर बाकीच्या गोष्टींत आणखी कडक व्हायचं. तो तुमच्यात जास्त निघाला किंवा नाही निघाला, तरी पुतण्याची लिपिड प्रोफाइल आणि ही तपासणी करून घ्या. उपाशीपोटी जायची गरज नाही. कॉलेज सुटल्यावर दोघं मिळून जा. तो बोलत नाही म्हणालात. रांगेत शेजारी बसल्यावर कदाचित बोलेल.

आणि फिजिशियनकडे जाण्याआधी वहिनींकडून दादांची चेकअपची फाइल मागून घ्या. टीएमटीचा कागद सगळ्यात वर असेल, रंगीत आलेखांसकट. तो बाजूला ठेवा. मागे कुठेतरी रक्ततपासणीची साधी, काळी-पांढरी पानं असतील. त्यात एलडीएल, साखर आणि त्या दिवशीचं बीपी काय लिहिलंय ते पाहा. आकडे वाढलेले निघाले तर कंपनीला किंवा त्या डॉक्टरांना पत्र लिहायचं का, ते नंतर ठरवू. आधी ती पानं तुमच्या फाइलला जोडा आणि तुमच्या फिजिशियनपुढे ठेवा.